जठर : रिकामे

सीपीआरच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या शेडला लागून
माझी खोली. फरशी धुतली की पाणी बराच वेळ जात नाही.
जिनगोंडा, माझा मदतनीस, एकवीस वर्षं करवत चालवतो
आणि मंगळवारी दाढी करत नाही, अपशकुन म्हणून.
बरण्या विसळताना म्हणतो,
"बाई, आपलं गिऱ्हाईक कधी दुसऱ्या डॉक्टरकडं जात न्हाई."

यकृताचा तुकडा, मूत्रपिंड, जठर, वर मिठाचं संपृक्त पाणी,
झाकणावर लाख, लाखेवर शिक्का.
त्याच्या भाषेत : लोणचं घातलं.
"आणि बघा, खाल्ल्या मिठाला जागतात ती हीच.
भाईरचं साक्षीदार तीन तारखांत फितूर."

आम्ही हसतो.
हसलो नाही तर दुपारी डबा उघडवत नाही.

दिग्विजय नावाचा मुलगा पंचगंगेतून आला,
शिरोलीच्या फाउंड्रीतला, नखांत अजून काळी वाळू.
सव्वीस वर्षांचा. दाही दिशा जिंकून
सहा फुटी ट्रेवर मावला.
डोक्यावर घाव. जठर उघडलं : चमचाभर पाणी, नदीचंच.
रकान्यात लिहिलं, रिकामे.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई, हौसाक्का.
कुणी मारलं, कशानं मारलं, काही विचारलं नाही.
एवढंच : "जेवला होता का ओ त्यो?"
आणि मी, शपथ घेतलेली नसताना,
म्हणाले, "होय. पोटभर."

चार वर्षांनी कसबा बावड्याच्या कोर्टात माझा पुकारा झाला.
माझ्या आधीच्या पंचानं सही ओळखली, पंचनामा ओळखला नाही.
कोयत्याची मूठ मुद्देमालाच्या खोलीत उंदरांनी कुरतडलेली.
कारकून म्हणाला, "त्यांच्यावर वेगळी फिर्याद लागंल."

मग आरोपीतर्फे माणगावे वकील उठले.
माझा अहवाल त्यांच्याकडं होता, पण झेरॉक्स पुसट,
आणि चष्मा घरी.
"रात्री अकराला आरोपी आणि मयत ढाब्यावर एका ताटात जेवले,
मयत ढेकर देत घराकडं निघाला.
तर डॉक्टरसाहेब, पोटात सापडलेला रस्सा
तांबडा होता, का पांढरा?"

कोर्ट कोल्हापूरचं. प्रश्न खुनापेक्षा गंभीर.
बेलिफ जागा झाला.
मागून कुणीतरी पुटपुटलं, "अकराला पांढरा कुठला उरतोय."
न्यायाधीशांचं पेन थांबलं,
आणि स्टेनोनं दोन्ही शब्द आधीच टाइप करून ठेवले,
नको तो खोडायचा म्हणून.

शेवटच्या बाकावर हौसाक्का, मांडीवर कापडी पिशवी.

"काहीच नव्हतं," मी म्हणाले. "रिकामं."

हशा घशात अडकला.
माणगावे खुर्चीत बसायला गेले, ते काठावर बसले.
त्यांच्या अशिलाचं अख्खं ताट एका शब्दात उपडं झालं होतं.
सरकारी वकील माझ्याकडं बघून हसले,
पोरीनं पहिला नंबर काढावा तसे.
मी मागं वळले नाही.

तारीख पडली, पुढच्या महिन्यातली.
पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली तिनं मला गाठलं.
मी माफीचं वाक्य जुळवत होते, इंग्रजी सोडून कुठल्या भाषेत बोलावं
तेच सुचत नव्हतं. तिनं हातानं थांबवलं.
"ठाव होतं मला. डबा तसाच माघारी आलेला,
झाकणसुदिक काढलं नव्हतं त्यानं.
पर तुमी होय म्हटलासा,
तवा त्या रात्री मी दोन घास खाल्लं."

पिशवीतून भाकरी काढली, वर खर्डा.
"तारखेच्या दिवशी मी वशाट करत न्हाई.
जेवलासा काय तुमी?"

मी म्हणाले, "होय. पोटभर."

ती बघत राहिली माझ्याकडं,
कुठल्याही वकिलानं बघितलं नसेल इतकं निरखून,
आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.